गोव्याला पहिल्यांदा येताय? तब्येत सांभाळायची ती अशी

म्हापशात औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहिलं की समोरचा पाहुणा गोव्यात येऊन किती दिवस झाले ते तो काय मागतो त्यावरून कळतं. पहिल्या संध्याकाळी डोकेदुखीची गोळी. दुसऱ्या दिवशी उन्हाने लालभडक झालेल्या खांद्यांसाठी मलम. तिसऱ्या दिवशी जुलाबाची गोळी. पुणे, कोल्हापूर, नाशिक, नागपूर, गाव कुठलंही असो, क्रम फारसा बदलत नाही. बॅगेत मात्र चार तऱ्हेचे परफ्यूम आणि तीन गॉगल असतात, ओआरएसचं एक पाकीट नसतं.

गोव्यात पाहुणे आजारी पडतात ते कुठल्या भयंकर साथीने नव्हे. ऊन, घाम, अपुरी झोप, दारू आणि ओले कपडे हे सगळं एकाच दिवशी अंगावर घेतल्याने पडतात. म्हणून खालच्या सूचनांत पहिल्या दिवसाला जास्त जागा दिली आहे.

निघण्याआधी

गोव्यासाठी म्हणून वेगळी लस सक्तीची नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं उलटली असतील तर तेवढं घेऊन या. खडकावरच्या कालवांनी, फुटक्या बाटलीने पाय कापून येणारे पुष्कळ असतात. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांच्या लशींबद्दल घरच्या डॉक्टरांना विचारा.

रोजच्या गोळ्या मोजून आणू नका. मुक्काम वाढतो, बॅग हरवते, गाडी चुकते. दुप्पट आणा, अर्ध्या एका बॅगेत आणि अर्ध्या दुसऱ्या, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कंपनी वेगळी असली तरी आतलं औषध बघून आम्ही पर्याय देऊ शकतो. ‘ती छोटी गुलाबी, बीपीची’ एवढ्यावर काही देता येत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. हॉटेलच्या खोलीत फ्रिज आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच ठिकाणी दाराजवळच्या खाचेतलं कार्ड काढलं की खोलीची वीज जाते, आणि तुम्ही समुद्रावर असता तेवढा वेळ फ्रिजही बंद राहतो. रिसेप्शनवर आधी विचारा. तसं असेल तर त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवायला द्या, पण फ्रीझरमध्ये नको, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. वापरातलं पेन स्कूटरच्या डिकीत अजिबात ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये ती डिकी म्हणजे भट्टी असते.

बाकी पिशवी छोटीच पुरे: ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, जंतुनाशक, पट्ट्या, छोटा चिमटा, थर्मामीटर, सनस्क्रीन, डासांचं मलम. हे सगळं इथेही मिळतं, पण दुपारी एक ते तीन-साडेतीन बरीच दुकानं बंद असतात आणि रविवारी तर शोधावंच लागतं. गोव्याची दुपारची झोप औषधांच्या दुकानांनाही लागू आहे. आम्हीही तेव्हा शटर ओढूनच असतो.

घाट आणि रात्रीची बस

अंबोली, चोर्ला, अनमोड, करूळ, कुठल्याही घाटाने उतरा, ज्याला गाडी लागते त्याला ती लागतेच. गोळी उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची. तिने झोप येते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये आणि तिच्यावर बिअर पिऊ नये. पुढची सीट, नजर रस्त्यावर, पोट हलकं, आणि मोबाइल खिशात.

रात्रीच्या बसने येणाऱ्या बायका लघवीला जावं लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. वाटेवरची स्वच्छतागृहं बघता त्यांना दोष देता येत नाही. पण त्यामुळे दुसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते आणि निम्मी सुट्टी त्यात जाते. आगगाडीचा पर्याय असेल तर तो घ्या. नसेल तर बस जेवायला थांबते तिथे उतरून जाऊन या आणि पाणी प्या.

पहिला दिवस

खरी गडबड इथे होते. बस सकाळी सातला म्हापसा किंवा पणजीला सोडते आणि खोली मिळते दुपारी बारानंतर. मधले पाच तास काय करायचं? मंडळी सामान रिसेप्शनवर टाकतात आणि थेट किनारा गाठतात. रात्रभर झोप नाही, पोटात वडापाव, डोक्यावर ऊन आणि अकरा वाजता हातात पहिली बिअर. संध्याकाळी डोकं धरून बसायची तयारी सकाळीच झालेली असते.

पुण्या-सोलापूरच्या ४० अंशांना सरावलेला माणूस इथल्या ३३ अंशांना हसतो, आणि तिथेच फसतो. तिकडच्या कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो आणि अंग गार होतं. इथे हवा आधीच बाष्पाने भरलेली. घाम वाहतो, पण सुकत नाही. पाणी आणि मीठ जातं, अंग मात्र गार होत नाही. या हवेला शरीर रुळायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तुमची सुट्टी चार दिवसांची असते, म्हणजे रुळण्याआधीच परतायची वेळ येते.

तेव्हा पहिल्या दिवशी असं करा. सामान ठेवा, नीट नाश्ता करा. पाव-भाजी, पोळे, चहा, जे मिळेल ते. सकाळचे तास सावलीत घालवा: म्हापशाचा बाजार, पणजीत फोंताइन्यसच्या गल्ल्या, एखादं देऊळ, जुन्या गोव्यातली चर्चेस. खोली मिळाली की जेवून झोपा. समुद्रावर साडेचार-पाचला जा. पहिल्या दिवशी दारू नकोच असं मी सांगणार नाही, कोणी ऐकतही नाही. पण ती सूर्य मावळल्यावर, पोटात जेवण असताना आणि प्रत्येक ग्लासामागे एक ग्लास पाणी घेऊन.

उर्राकबद्दल मुद्दाम सांगते. मार्च ते मे या काजूच्या हंगामात मिळणारी ही काजूची पहिल्या धारेची दारू. लिंबूसोडा आणि चिरलेली हिरवी मिरची घालून देतात, सरबतासारखी उतरते. फेणीपेक्षा सौम्य हे खरं. फेणीत मद्यार्क ४२ टक्क्यांच्या आसपास, उर्राकमध्ये साधारण १५. पण बिअरच्या मापाने आणि बिअरच्या वेगाने प्याल तर पाच टक्क्यांच्या बिअरपेक्षा ती तिप्पट होते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी दारू घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते, आणि घाम, थरथर, बरळणं ही त्याची लक्षणं बघून सोबतचे म्हणतात, ‘याला चढलीय.’ अशा माणसाला झोपवू नका. शुद्धीवर असेल तर साखर द्या. नीट गिळता येत नसेल तर तोंडात काही न घालता १०८ ला फोन करा.

पाणी पुरतंय का याची खूण सोपी: लघवी फिकट असली पाहिजे. गडद पिवळी आणि कमी होत असेल तर पाणी कमी पडतंय. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं म्हणजे ऊन बाधायला लागलंय. सावली, पंखा, ओला टॉवेल, ओआरएस. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापलेलं आणि शुद्ध हरपतेय असं वाटलं तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला आणि १०८ बोलवा. ही वाट बघायची गोष्ट नाही.

ऊन आणि ओले कपडे

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, बाहेर पडण्याआधी आणि मग दर दोन तासांनी, समुद्रातून बाहेर आलं की पुन्हा. चेहऱ्याला सगळे लावतात; राहतात ते पायांचे पंजे, कानाच्या पाळ्या, मान आणि टक्कल. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्या मुलामुलींनी जास्तच जपावं, त्या गोळ्यांवर कातडी लवकर भाजते.

भाजलंच तर गार पाण्याच्या घड्या आणि साधं मॉइश्चरायझर. फोड फोडू नका.

दुसरं दुखणं कोणी बोलून दाखवत नाही, काउंटरवर हळू आवाजात सांगतात. ओल्या चड्डीवर स्कूटर चालवत बागा ते हणजूण ते वागातोर फिरलं की मांड्या सोलवटतात आणि जांघेत खाज सुटते. किनाऱ्यावरून निघताना गोड्या पाण्याने धुवा आणि कोरडे सुती कपडे घाला. नायटा उठलाच तर नुसतं बुरशीविरोधी मलम मागा. लगेच आराम पडतो म्हणून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब नका घेऊ. खाज थांबते, नायटा पसरतो आणि पुढे महिनोन्महिने चिवटपणे राहतो.

खाणं

मासे खायला भ्यायचं कारण नाही. जिथे दुपारी स्थानिक माणसं जेवायला बसतात, तिथली शीत-कडीची, म्हणजे भात आणि माशांच्या आमटीची, थाळी खा. गर्दी असते म्हणजे माल संपतो, उरत नाही. पंचवीस पानी मेनू असलेल्या किनाऱ्यावरच्या रिकाम्या शॅकपेक्षा ती कधीही बरी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात थाळीत ताजी सुरमई मिळतेय असं कोणी सांगितलं तर थोडं हसून घ्या आणि खाडीचे मासे काय आहेत ते विचारा.

बांगडा, टुना, सुरमई यांच्याबाबत एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. हे मासे बर्फाविना उबेत राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून, तळून जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत चेहरा लाल होतो, कान गरम होतात, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठल्यासारखं होतं. ‘मला माशांची ॲलर्जी झाली’ असं समजून लोक जन्मभर मासे सोडतात. खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर तो तुकडा बाजूला ठेवा. त्रास झाला तर ॲलर्जीची गोळी सहसा पुरते. श्वास घ्यायला जड जाणं किंवा ओठ-जीभ सुजणं मात्र वेगळं, तेव्हा थेट रुग्णालय. तिसऱ्या-शिनाण्यांसारखे शिंपले, कुर्ल्या (खेकडे), झिंगे आयुष्यात पहिल्यांदाच खात असाल तर आधी थोडं खाऊन बघा, रात्री अकराला ताटभर नको.

पाणी बाटलीचं किंवा उकळलेलं. ग्लासातल्या बर्फाकडे कोणी बघत नाही: मध्ये भोक असलेले एकसारखे तुकडे कारखान्यातले असतात, फोडलेल्या लादीचा बर्फ असेल तर पेय बर्फाविना घ्या. कापून ठेवलेली फळं, सकाळपासून मांडलेली मेयोनेजची सॅलड टाळा. सोलकढी ताजी असेल तर उत्तम, नारळाची म्हणून उन्हात लवकर नासते. शहाळं चांगलंच, फक्त मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

पोट बिघडलंच तर

लोक दुकानात येऊन पहिली मागतात ती जुलाब थांबवायची गोळी किंवा अँटिबायोटिक. बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते. गरज असते गेलेलं पाणी आणि क्षार परत भरायची.

ओआरएसचं पाकीट घ्या आणि त्यावर किती पाण्यात घालायचं ते वाचा. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलिलिटरचं. मोठं पाकीट एका ग्लासात ढवळून पिणारे मी रोज बघते. ते इतकं दाट होतं की जुलाब वाढतात. पूर्ण पाकीट मोजलेल्या लिटरभर पाण्यात घाला, एक लिटरची बाटली त्यासाठी आयतीच असते. चोवीस तासांत संपवा, उरलं तर फेका. घोट घोट प्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याने सुरू करा. पाकीट मिळत नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. फळांच्या चवीची गोड पेयं ओआरएसच्या नावाने खोक्यात मिळत, त्यांत साखर फार. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या लेबलवर ओआरएस लिहायला बंदी घातली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, तेवढं बघा.

जेवण बंद करू नका. इथे आजाऱ्याला उकड्या तांदळाची पेज देतात, वर मीठ आणि लोणच्याची फोड. हॉटेलच्या स्वयंपाकघरात सांगा, स्थानिक आचारी असेल तर आनंदाने करून देईल.

जुलाब थांबवायची लोपेरामाइड गोळी प्रवासाच्या दिवशी मोठ्यांनी घ्यायला हरकत नाही, पण ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर अजिबात नाही, आणि लहान मुलांना नाहीच. डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल दिलं असेल तर ते चालू असताना आणि नंतर तीन दिवस दारू बंद. हे सांगितलं की लोकांचा चेहरा जुलाबापेक्षा जास्त पडतो.

समुद्र

लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यात उतरा, लाल झेंडा असेल तर उतरू नका. जीवरक्षक दिवसा असतात. अंधार पडल्यावर, आणि दारू पिऊन, पाण्यात जायचं नाही. जून ते सप्टेंबर समुद्र पोहायचा नसतोच.

माणसं बुडतात ती बहुधा आत खेचणाऱ्या प्रवाहात, आणि गंमत अशी की तो सगळ्यात शांत दिसतो. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्ये एक पट्टा गुळगुळीत आहे, पाणी जरा गढूळ. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका तिथेच जातो. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्या वाटेने परत आत जात असतं. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा. प्रवाहाची रुंदी संपली की लाटाच बाहेर आणतात. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा.

जेलीफिश डसला तर जागा चोळू नका, वाळू लावू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवा. उथळ पाण्यात पाकटाचा (वाळूत बसणारा चपटा मासा, शेपटीला विषारी काटा) काटा लागला तरी गरम पाणीच, आणि मग डॉक्टर, कारण काट्याचा तुकडा आत राहतो. वाळूत पाय उचलून न टाकता घसटत चाललं तर पाकट आधीच निघून जातं.

पावसाळ्यात धबधबे आणि पाण्याने भरलेल्या जुन्या चिरेखाणी यांच्यापासून लांब राहा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून चालू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) त्यातून होतो.

स्कूटर, डास, जंगल

भाड्याची स्कूटर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. हेल्मेट दोघांनी घाला. आखूड चड्डीत मागे बसणाऱ्याच्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसतो. त्यावर टूथपेस्ट नको, बर्फ नको, वीस मिनिटं नळाखाली धरा.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून मलम फक्त रात्रीसाठी नाही. मलेरियाचा रात्री चावतो. शेजारी इमारतीचं बांधकाम चालू असेल तर खिडक्यांना जाळी आहे का बघून खोली घ्या.

डिसेंबर ते मे या काळात सत्तरी किंवा मोलेकडच्या जंगलात जाणार असाल तर माकडतापाची माहिती असू द्या. सत्तरीत २०१५ पासून त्याचे रुग्ण आढळले आहेत. गोचिडीतून तो होतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, पालापाचोळ्यात बसायचं नाही, मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, आणि परतल्यावर अंग तपासून आंघोळ.

कुत्रा चावला तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. पुढचे डोस गावी जाऊन घेता येतात, त्यासाठी कागद जपा.

डॉक्टर गाठायचे ते कुठे

साध्या गोष्टींना जवळचा खासगी दवाखाना किंवा सरकारी आरोग्य केंद्र. उत्तरेला म्हापशात आणि दक्षिणेला मडगावात जिल्हा रुग्णालय आहे. मोठं काही असेल तर बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आमचं ‘गोमेकॉ’. १८४२ साली सुरू झालेल्या वैद्यक शाळेचा तो वारसा, आणि सिंधुदुर्गातली माणसंही तिथेच येतात. २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क भरावं लागतं, तेव्हा विमा असेल तर त्याचं कार्ड सोबत ठेवा. पाळोळ्याला राहत असाल तर बांबोळी दीड तासाच्या वाटेवर आहे. छातीत दुखायला लागल्यावर ‘सकाळी बघू’ करू नका. १०८ ची मोटारसायकलवरची सेवाही आहे, अरुंद रस्त्यांवर तिचा उपयोग होतो.

परतल्यावर ताप आला तर

डेंग्यू डास चावल्यानंतर ४ ते १० दिवसांनी उमटतो, मलेरिया आठवड्याभरानंतर, आणि त्याचा एक प्रकार महिन्यांनीही. म्हणजे बरेचदा ताप येतो तो घरी, ऑफिस सुरू झाल्यावर, आणि डॉक्टरांना गोव्याचं सांगायचं राहून जातं. ते पहिल्या वाक्यात सांगा: कोणत्या तारखांना होतो, जंगलात गेलो होतो का, साचलेल्या पाण्यातून चाललो होतो का. रक्ताची तपासणी होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, डेंग्यू निघाला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला आणि त्याच वेळी पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर बरं वाटतंय असं समजून घरी थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जा.